राज्य नवे, नाणे जुने: होतकरू सत्ताधीशांसाठी टांकसाळ मार्गदर्शिका

अभिनंदन! तुम्ही एक अख्खा प्रांत जिंकला आहे. जुना राजा पळाला, किल्लेदाराने किल्ल्या आणून दिल्या आणि कालपर्यंत त्याची स्तुती गाणारा भाट सकाळपासून तुमच्या दारात बसून आहे. इथपर्यंतचा भाग सोपा होता. उद्या बाजार उघडेल. तुमच्या शिपायाने पुढे केलेले नाणे भाजीवाली उलटेसुलटे करून बघेल, दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकेल आणि विचारेल, "हे कुणाचं? चालतं का?" या प्रश्नाला तलवारीने उत्तर देता येत नाही. ते कसे द्यावे, हे पुढे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे.

पात्रता आणि प्रशिक्षणस्थळ

पहिल्यांदाच सत्तेवर आलेले सेनापती, खलिफा, सुलतान, सरदार, तसेच व्यापारासाठी येऊन राज्य करू लागलेल्या कंपन्या अर्ज करू शकतात. पूर्वानुभवाची अट नाही. लिहितावाचता येणे इष्ट, पण आवश्यक नाही. ते का, हे दुसऱ्या पाठात कळेल.

प्रात्यक्षिके नवी दिल्लीत, कोपर्निकस मार्गावर होतील. मंडी हाउसच्या चौकातून निघावे आणि कमानी सभागृह, दूरदर्शन भवन असे करत इंडिया गेटच्या दिशेने चालत राहावे. मराठी प्रशिक्षणार्थींना याच रस्त्यावरचे जुने महाराष्ट्र सदन सोयीचे पडेल. प्रत्यक्ष नाणी पाहायला जनपथावरचे राष्ट्रीय संग्रहालय जवळच आहे.

हाच रस्ता का निवडला, तर तो स्वतःच एक धडा आहे. इंग्रजी अमदानीत याचे नाव लिटन रोड होते. लिटन म्हणजे तोच व्हाइसरॉय, ज्याने १८७७ साली दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले. त्या वर्षापासून रुपयावरच्या 'व्हिक्टोरिया क्वीन'ची 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' झाली; बाई त्याच, बढती नवी. पुढे स्वतंत्र भारताने लिटनचे नाव काढले, रस्ता होता तसा ठेवला आणि त्यावर पोलंडच्या एका खगोलशास्त्रज्ञाचे नाव ठोकले. जुना माल, नवा छाप. पृथ्वी कशी फिरते हे सांगणारा हा गृहस्थ पैसा कसा फिरतो यावरही लिहून गेला आहे. त्याची गाठ आठव्या पाठात पडेल.

लागणारे साहित्य

तांबे. जुन्या राजवटीची नाणी, एक पिशवीभर. दोन ठसे: एक ऐरणीत पक्का बसवलेला, दुसरा हातात धरून वरून ठोकायचा. हातोडा. ठसे कोरणारा कारागीर, तोही शक्यतो पराभूत राजाच्याच टांकसाळीतला. त्याला कामावरून काढण्याची चूक करू नका. एक अनुभवी सराफ. आणि धीर, किमान साठ वर्षे पुरेल इतका.

पाठ पहिला: काहीही करू नका

नव्या मुख्याध्यापकाने पहिल्याच दिवशी शाळेची घंटा बदलू नये, तसेच हे आहे. अरबांनी ६३६ साली यार्मुकच्या लढाईत बायझंटाइन सैन्याचा धुव्वा उडवला आणि पाहता पाहता सीरिया त्यांच्या ताब्यात आला. तिथल्या बाजारात सोने आणि तांबे कॉन्स्टँटिनोपलच्या कैसराचे होते. पूर्वेकडे इराणात चांदी सासानी शहांची होती. अरबांची स्वतःची अशी नाण्यांची परंपरा नव्हतीच म्हटले तरी चालेल. मग त्यांनी काय केले? काहीच नाही. ज्या कैसराशी युद्ध चालू होते, त्या दुसऱ्या कॉन्स्टन्सची तांब्याची नाणी त्यानंतरही वीसेक वर्षे सीरियात येत राहिली आणि चालत राहिली.

शत्रूचे नाणे आपल्या बाजारात चालले, यात अपमान मानण्याचे कारण नाही. सगळा खर्च त्याचा आहे. तांबे त्याचे, कारागीर त्याचा, वाहतूकही त्याचीच. तुमच्याकडे नुसता बाजार आहे, आणि जमा होणारा कर तुमच्या खजिन्यात येतो.

पाठ दुसरा: नक्कल करा, पण हात राखून

काही वर्षांनी शत्रूकडून येणारा पुरवठा आटतो आणि सुट्ट्या पैशांची टंचाई होते. आता पिशवीतले एक नाणे कारागिरापुढे ठेवा आणि "असंच पाड" म्हणा.

मूळ नाण्यावर एका बाजूला हातात लांब क्रूस धरून उभा असलेला कैसर असतो. दुसऱ्या बाजूला मोठा 'एम' असतो. तो कुणाच्या नावाचे आद्याक्षर नाही. ग्रीक अंकलेखनात ते अक्षर म्हणजे चाळीस, आणि हे नाणे चाळीस नुम्मींचे. सम्राट अनास्तासियसने ४९८ साली तांब्याची मोठी नाणी काढली तेव्हापासूनची ही खूण. ती कधीही वगळू नका. कैसराचा चेहरा बिघडला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. चाळीसचा आकडा बिघडला तर लगेच भांडण होईल.

कडेने फिरणाऱ्या ग्रीक मजकुराची फार काळजी करू नका. कारागिराला ग्रीक येत असेल तर उत्तम. नसेल तर त्याने अक्षरे चित्रासारखी काढावीत: इथे एक गोल, तिथे दोन काठ्या, मध्ये एक उलटा त्रिकोण. सातव्या शतकातल्या सीरियात अशी असंख्य नाणी पडली. 'या चिन्हाने जिंक' हे कैसराचे ग्रीक ब्रीदवाक्य त्यांवर झिजत झिजत नुसती नक्षी होऊन राहिले आहे. ज्यांनी ते ब्रीद मिरवणाऱ्याला जिंकले, त्यांच्याच अमलाखाली ते छापले जात होते. अशा विरोधाभासांकडे लक्ष देऊ नका. बाजार देत नाही.

पाठ तिसरा: 'चांगले आहे' असे लिहून टाका

इथपर्यंत आलात की टांकसाळीला थोडी शिस्त लावता येईल. यासाठी सीरियातल्या हिम्स शहराचा आदर्श ठेवावा. अरबांच्या उमय्या राजवटीत तिथे पडलेले तांब्याचे एक नाणे, अरबीत फल्स, हातात घेऊन पाहू.

पुढच्या बाजूला कैसराचे समोरून काढलेले अर्धचित्र आहे. डोक्यावर मुकुट आहे, हातात क्रूस लावलेला गोल आहे. त्याच्या एका अंगाला उभ्या ओळीत ग्रीक अक्षरे आहेत: 'कालोन', म्हणजे चांगले. दुसऱ्या अंगाला अरबी: 'बि-हिम्स', हिम्समध्ये पाडलेले. नाणे उलटा. मध्ये छोट्या वळणाचा 'एम', दोन्ही बाजूंना ग्रीकमध्ये शहराचे जुने नाव 'एमेसिस' आणि खाली अरबी 'तय्यिब', म्हणजे पुन्हा चांगले. बोटाच्या पेराएवढ्या तांब्यावर दोन लिप्यांत दोनदा हमी दिली आहे, पण ती देणाऱ्याचे नाव कुठेही नाही. दमास्कसच्या टांकसाळीने तर आपल्या काही नाण्यांवर 'जाइज' असेच लिहून टाकले: चालतं. आपल्या भाजीवालीला आणखी काय हवे होते?

चित्र कुणाचे निवडावे, याबद्दल सूट आहे. बैसान आणि जेराश या गावांनी सिंहासनावर शेजारी शेजारी बसलेल्या दुसऱ्या जस्टिन आणि राणी सोफियाचे चित्र पसंत केले. त्या वेळी जस्टिनला जाऊन सुमारे शंभर वर्षे झाली होती. आपल्या भागात लोकांच्या हातात कोणती जुनी नाणी खेळत आहेत, ते पाहूनच निवड करावी. मृत राजाचा एक मोठा फायदा असतो: तो परत येऊन आपले राज्य मागत नाही.

पाठ चौथा: दिल्लीचे प्रात्यक्षिक

आता चहा घ्या. सीरिया फार लांब पडते, असे वाटणाऱ्यांसाठी इथलाच दाखला आहे.

मुहम्मद घोरीने ११९२ साली तराईच्या दुसऱ्या लढाईत पृथ्वीराज चौहानाचा पराभव केला. तेव्हा दिल्लीच्या बाजारात चांदी-तांब्याच्या मिश्रणाचे, साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेरचे एक जाडसर नाणे चालत होते. पुढे त्याला दिल्लीवाल म्हणू लागले. एका बाजूला भालाईत घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी. घोडेस्वाराकडे 'श्री पृथ्वीराज देव' आणि नंदीवर 'श्री सामंत देव'. हा सामंतदेव दिल्लीचा नव्हताच. तो ओहिंदच्या हिंदू शाही घराण्यातला, काही शतकांपूर्वीचा राजा. घोडा-बैलाची ती नाणी त्याच्या नावाने इतकी नावाजली, की पुढच्यांनी चित्राबरोबर नावही उचलले. म्हणजे पृथ्वीराजाने घेतलेले नाणेही उसनेच होते. नक्कल करताना मन खात असेल, तर हे आठवावे.

घोरीच्या टांकसाळीने घोडा ठेवला, बैल ठेवला, नागरी लिपीही ठेवली. नंदीवर आले घोरीचे नाव, 'श्री महमद साम', आणि स्वाराजवळ 'श्री हमीर'. हमीर म्हणजे आपला अमीरच, नागरीत उतरलेला. एका प्रसिद्ध नाण्यावर तर एका बाजूला महमद साम आणि दुसऱ्या बाजूला पृथ्वीराज, असे दोघे पाठीला पाठ लावून आहेत. इतिहासाच्या पुस्तकांनी या दोघांना आजवर एकत्र बसू दिलेले नाही. ते या तांब्याच्या तुकड्याने करून दाखवले.

संग्रहालयात असे नाणे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्या. ठसा मोठा असे आणि धातूची चकती लहान. त्यामुळे कुठे घोड्याचे तोंड बाहेर गेलेले असते, कुठे 'श्री' राहतो आणि राजाचे नाव कापले जाते. चकती मोठी करावी, असे कुणालाही वाटले नाही. वजन बरोबर होते, बैल ओळखू येत होता. राजा अर्धा दिसला तरी चालत होता.

इल्तुतमिशच्या काळातही स्वार आणि नंदी दौडत-बसत राहिले, नागरीतल्या 'सुरितान श्री समसदिन' या नावासह. त्याने चांदीचा टंका काढला, त्यावर बगदादच्या खलिफाचे नाव अरबीत घातले, पण सुट्ट्या पैशांना हात लावताना जपून लावला. पुढे बल्बनच्या नाण्यावरून घोडाही गेला आणि बैलही गेला, तरी कडेने नागरीत 'श्री सुलतां गयासुदीं' होतेच. बडे व्यवहार दरबाराच्या भाषेत, किरकोळ व्यवहार गिऱ्हाइकाच्या भाषेत, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांनी पाळला.

ज्यांना याहून धाडस करायचे असेल त्यांनी गझनीच्या महमूदाकडे पाहावे. लाहोरला १०२७-२८च्या सुमारास त्याने जी चांदीची नाणी पाडली, त्यांच्या एका बाजूला अरबी कलमा आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याचे संस्कृत रूप: 'अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद'. हे भाषांतर करायला कोणता पंडित बसवला होता, त्याला मानधन किती मिळाले आणि घरी गेल्यावर त्याला काय ऐकावे लागले, याची नोंद नाण्यावर नाही.

पाठ पाचवा: वितळवू नका, वरून ठोका

घाईच असेल, तर महाराष्ट्रात सिद्ध झालेली पद्धत वापरा. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी १९०६ साली क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नहपानाने आपले नाणे ग्रीक राजांच्या नाण्यांवरून बेतले होते: एका बाजूला राजाचा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरे, दुसरीकडे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला संपवले आणि त्याची नाणी गोळा केली. साठ्यातल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर त्याने आपला त्रिकूट चैत्य आणि चार वर्तुळांचे उज्जैन चिन्ह ठोकले. भट्टी नाही, नवी चकती नाही.

बारकाईने पाहिले तर कित्येक नाण्यांवर सातवाहनांच्या चैत्याखालून नहपानाचे नाक डोकावते. गौतमीपुत्राने ते पुसायचा हट्ट धरला नाही. हरलेला राजा पूर्ण नाहीसा झाला, तर जिंकलेला कुणावर मात केली म्हणून सांगणार?

पाठ सहावा: बादशहाला मरू देऊ नका

हा पाठ मराठी प्रशिक्षणार्थींना घरचाच वाटेल. सदाशिवरावभाऊंच्या फौजेने १७६० साली दिल्ली घेतली तेव्हा फौजेचा पगार थकला होता. लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडले. छत बादशहाचे, आणि रुपयावर नावही मोगल बादशहाचेच. १७८४ नंतर महादजी शिंद्यांच्या मुठीत बादशहा आणि दिल्ली दोन्ही होते, तरी शहाजहानाबादच्या टांकसाळीतून शाह आलमच्या नावाचे रुपये पडत राहिले. पुण्यात अंकुशी रुपया, चांदवडला चांदवडी. फारसी मजकूर बादशहाचा आणि कोपऱ्यात अंकुशासारखी आपली एक खूण. सराफाला खूण पुरते. बाकीच्यांनी फारसी वाचण्याचा प्रश्नच नव्हता.

कोपर्निकस मार्गावरून चालत इंडिया गेटशी आलात की या रस्त्याच्या आणि कस्तुरबा गांधी मार्गाच्या बेचक्यात बडोदा हाउस दिसेल. लट्यन्सने गायकवाडांसाठी बांधलेली ही वास्तू आता उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. गायकवाडांचे जुने रुपये या पाठाचा उत्तम नमुना आहेत. मजकूर मोगल बादशहाचा आणि त्या फारसीच्या गर्दीत अंग चोरून बसलेली दोन नागरी अक्षरे: आनंदरावांच्या नाण्यावर 'आ गा', खंडेरावांच्या नाण्यावर 'ख गा'. राज्य अख्खे, सही दोन अक्षरांची.

यात कुणी कमीपणा मानला असेल, तर ईस्ट इंडिया कंपनीने मुळीच मानला नाही. बंगालच्या टांकसाळीत तिने शाह आलमचे एकोणिसावे राज्यवर्ष धरून ठेवले ते ठेवलेच. शाह आलम १८०६ साली वारला. कंपनीच्या रुपयावर त्याचे एकोणिसावे वर्ष पुढेही चालूच होते, ते १८३५ साली चौथ्या विल्यमचे डोके कंपनीच्या सगळ्या रुपयांवर आले तेव्हा संपले. पुण्यातही १८१८ नंतर काही वर्षे कंपनीने अंकुशी रुपयाच चालू ठेवला. पेशव्यांनी उसना घेतलेला बादशहा कंपनीने पेशव्यांकडून उसना घेतला.

पाठ सातवा: आता क्रूसाचा आडवा दांडा काढा

एक पिढी उलटली. ज्यांनी जुना राजा पाहिला होता ते म्हातारे झाले. आता चित्र बदलायला हरकत नाही, पण एका वेळी एकच रेघ.

खलिफा अब्द अल-मलिकच्या माणसांचे काम पाहा. त्यांनी आधी हेराक्लियस आणि त्याची दोन मुले असलेल्या सोन्याच्या नाण्याची नक्कल केली. मुकुटांवरचे क्रूस तेवढे गाळले. मागच्या बाजूला पायऱ्यांवर उभा क्रूस होता. त्याचा आडवा दांडा काढला आणि उरला नुसता खांब. पायऱ्या तशाच. ज्याला क्रूस बघायचा होता त्याला तो आठवत होता. ज्याला बघायचा नव्हता त्याच्यासाठी तो गेलेला होता. इराणच्या बाजूला असेच धोरण होते: चांदीवर दुसऱ्या खुस्रोचा चेहरा आणि मागचे अग्निकुंड जसेच्या तसे, फक्त कडेला अरबीत 'बिस्मिल्लाह'.

मग ६९३ च्या सुमारास कैसराच्या जागी खलिफा उभा राहिला. लांब केस, दाढी, पायघोळ अंगरखा आणि हात तलवारीच्या मुठीवर. सीरियातल्या कितीतरी टांकसाळींनी हा उभा खलिफा तांब्यावर उतरवला. त्याच सुमारास कैसर दुसऱ्या जस्टिनियनने आपल्या सोन्याच्या नाण्यावर येशूचा चेहरा आणला होता. दोन दरबारांची ही नाण्यांवरची चढाओढ असावी, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. पण खलिफालाही जास्त दिवस उभे राहता आले नाही. हिजरी ७७, म्हणजे ६९६-९७ साली, आलेल्या दिनारावर माणूस नाही, खांब नाही, पायऱ्या नाहीत. फक्त अक्षरे. दोन वर्षांनी चांदीचे दिरहॅमही तसेच झाले आणि हळूहळू तांबेही. साहित्याच्या यादीत साठ वर्षांचा धीर का मागितला होता, ते यार्मुकपासून मोजले की कळेल.

स्वतःचा चेहराच हवा असेल तर बडोद्याकडे पुन्हा एकदा वळा. तिसऱ्या सयाजीरावांनी यंत्रावर पाडलेल्या रुपयावर पगडी घातलेले स्वतःचे चित्र आणले आणि मागे वेलपानांच्या चक्रात 'एक रुपया'. बादशहा गेला. मांडणी मात्र व्हिक्टोरियाच्या रुपयाची वाटते. एक उसनवारी फेडताना दुसरी करावी लागली, तर लाजू नये.

पाठ आठवा: धोक्याची सूचना

चेहरा कुणाचाही चालतो, हे वाचून काही उत्साही विद्यार्थ्यांना वाटेल की धातूही कोणताही चालेल. असा विद्यार्थी दिल्लीत होऊन गेला आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास पितळ-तांब्याची नाणी काढून ती चांदीच्या टंक्याच्या भावाने चालतील, असा हुकूम सोडला. दौलताबादच्या टांकसाळीतही ती पडली. 'जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराची आज्ञा पाळतो' असेही त्यांवर लिहिले. लोकांनी आज्ञा पाळली; घरोघर टांकसाळी निघाल्या, असे इतिहासकार बरनी सांगतो. शेवटी सुलतानाला खऱ्या चांदीने ती परत घ्यावी लागली आणि तुघलकाबादेत तांब्याचे ढीग लागले.

तुघलकाआधी दहा-बारा वर्षे, १३१८ साली, दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्याने 'द्रव्यपरीक्षा' नावाचा ग्रंथ लिहून ठेवला होता. कोणत्या नाण्यात किती चांदी, किती तांबे, याचा तो पक्का हिशेब. अशी माणसे राज्याच्या पदरी असतात. त्यांना विचारायचे असते.

आणि आता रस्त्याच्या पाटीवरचे नाव. कोपर्निकसने प्रशियातल्या नाण्यांच्या दुरवस्थेवर १५२२ साली ग्रुजोंझच्या सभेत आपले म्हणणे मांडले आणि १५२६ पर्यंत ते ग्रंथरूपात पक्के केले. राज्ये बुडवणारी मुख्य कारणे चार, असे तो म्हणतो: फूट, मृत्यूचे थैमान, नापीक जमीन आणि हिणकस नाणे. पहिली तीन सगळ्यांना दिसतात; चौथे हळूहळू काम करते, म्हणून ते फार थोड्यांच्या लक्षात येते. हलके नाणे बाजारात आले की लोक चांगले नाणे दडवतात किंवा वितळवतात, हे त्याने इंग्लंडच्या ग्रेशमच्या आधी लिहिले. नियमाला नाव मात्र ग्रेशमचे पडले. नवे नाणे काढायचे तर जुने बाजारातून काढून घ्या, हा त्याचा सल्ला. घोरीने बैल ठेवला त्याबरोबर बैलाचे वजनही राखले होते, हे विसरू नये.

शंकासमाधान

प्रश्न: आमचा धर्म मूर्ती मानत नाही. नाण्यावर देवीचे चित्र चालेल का?
उत्तर: घोरीला चालले. त्याच्या सोन्याच्या नाण्यावर गाहडवाल राजांच्या नाण्यावरची बैठी लक्ष्मी आहे आणि मागे नागरीत त्याचे नाव. नाणे लक्ष्मीचे होते म्हणून त्याला कुणी नाही म्हटले नाही.

प्रश्न: लोक आम्हाला नकलाकार म्हणतील.
उत्तर: कर भरताना म्हणणार नाहीत.

प्रश्न: पहिल्या दिवसापासून स्वतःचेच नाणे पाडले तर?
उत्तर: पाडता येते. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर नागरीत 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति' आले. बादशहा नाही, फारसी नाही, उसने चित्र नाही. या मार्गदर्शिकेचे सर्व पाठ ओलांडून एकदम शेवटच्या पाठात जाण्याची ही वाट आहे. मात्र तिला प्रवेश गुणवत्तेनुसार आहे. शिवाजी महाराजांनंतरही कितीतरी काळ छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या टांकसाळी त्यांच्याच नावाची शिवराई पाडत राहिल्या. रुपयाला बादशहा लागला, पैशाला शिवाजी.

प्रश्न: आमचे नाव नाण्यावर पूर्ण बसत नाही.
उत्तर: पाठ चौथा पुन्हा वाचा.

पाठ नववा आणि शेवटचा: तुमची नक्कल होऊ द्या

आठव्या शतकात इंग्लंडमध्ये मर्सिया नावाचे राज्य होते आणि ऑफा नावाचा त्याचा राजा. त्याला सोन्याचे नाणे पाडायचे होते. त्याच्या कारागिरापुढे खलिफा मन्सूरचा, हिजरी १५७ म्हणजे इसवी सन ७७४ चा एक दिनार आला. अब्द अल-मलिकने घालून दिलेल्या वळणाचा, फक्त अक्षरांचा. कारागिराने तो मन लावून उतरवला. कलमा उतरवला, हिजरी सालसुद्धा उतरवले, आणि मधल्या ओळींत 'ऑफा रेक्स' अशी रोमन अक्षरे बसवली. अरबी येत नसल्यामुळे त्याला वरची बाजू कोणती ते कळले नाही. ते नाणे आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अरबी सरळ धरले तर ऑफा उलटा होतो, ऑफा सरळ धरला तर कलमा उलटा होतो.

ज्यांच्या आजोबांनी सीरियात न समजलेले ग्रीक छापले, त्यांचे अरबी आता कुणीतरी न समजता छापत होते. आपले असे नाणे कुणी आणून दाखवले, तर रागावू नका आणि शुद्धलेखन तपासू नका. वजन करून बघा. ते बरोबर भरले, तर तुमचा अभ्यासक्रम पूर्ण झाला: तुमचे एक अक्षरही न वाचता येणाऱ्या माणसाने तुमच्या नाण्यावर विश्वास ठेवला आहे. वेगळे प्रमाणपत्र दिले जाणार नाही.